तेल, पाणी आणि छापील कागद

छपाईत शाई लावणे सोपे. अवघड असते ते कोऱ्या राहायच्या जागेला शाई लागू न देणे. ही अडचण ज्या ज्या मार्गाने सुटली, त्या त्या मार्गावरून छपाईच्या पद्धती ठरल्या. सर्वांत जुना मार्ग उंचवट्याचा. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटे आणि उठावदार असते. शाईचा रूळ त्या उठावालाच शिवतो आणि कागद दाबला की अक्षर सुलट उमटते. रोमन लिपीला हे सोयीचे होते. देवनागरीत मात्र काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांसाठी शेकडो निरनिराळे खिळे पाडावे लागत.

दुसरा मार्ग बव्हेरियात सापडला आणि त्यात उंचवटा नाही की खळगा नाही. आलोइस सेनेफेल्डर हा नाटककार होता. आपली नाटके स्वस्तात छापता यावीत म्हणून तो दगडावर प्रयोग करत होता. 1798 च्या सुमारास त्याच्या हाती जे तत्त्व आले, त्याला त्याने ‘रासायनिक छपाई’ म्हटले आणि ते नाव अगदी नेमके आहे. सोल्नहोफेनच्या बारीक कणांच्या चुनखडीवर चरबीयुक्त खडूने चित्र काढायचे. चरबीतल्या आम्लांचा चुनखडीशी संयोग होऊन दगडावर पाण्याला न जुमानणारा थर बसतो. मग पातळ नायट्रिक आम्ल मिसळलेल्या डिंकाचा लेप दिला की उरलेली जागा पाणी धरून ठेवू लागते. दगड ओला करून तेलकट शाईचा रूळ फिरवला, की शाई चित्रालाच चिकटते. तेलकट राहिलेल्या ताटावर पाणी टाकले की ते तेलकट जागा टाळून पसरते, तोच हा प्रकार. सोल्नहोफेनच्या खाणींतल्या याच दगडात 1861 मध्ये आद्य पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्याच्या ‘आर्किओप्टेरिक्स लिथोग्राफिका’ या शास्त्रीय नावात छपाईचा दगड कायमचा राहिला आहे.

दगडावरच्या या छपाईला, म्हणजे शिळाछापेला, खिळ्यांची गरज नव्हती, वळणदार हस्ताक्षराचा लेखक पुरे होता. देवनागरीसाठी ही केवढी मोठी सुटका! मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये मराठी पंचांग शिळाछापेवर काढले. छापील कागदाला चरबीचा विटाळ मानणाऱ्यांसाठी त्यांनी तुपाची शाई केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही तडजोड बिनचूक होती, कारण शिळाछापेला स्निग्धांश हवा असतो आणि तो तुपातही आहेच. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या प्रयोगशील माणसाला मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी. पुढे 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातील देवदेवतांची रंगीत चित्रेही दगडावरूनच छापली जात; प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे.

आजचे ऑफसेट म्हणजे हीच शिळाछाप. दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची पातळ प्लेट आली आणि मजकूर तिच्यावर लेसरने उमटू लागला, पण पाणी आणि तेल यांचे वैर तेच राहिले. प्लेट थेट कागदाला लागत नाही. तिच्यावरची शाई आधी रबरी ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर. ब्लँकेट दबते, म्हणून खरखरीत कागदावरही बारीक अक्षर स्वच्छ येते. याचे श्रेय बहुधा अमेरिकेतल्या आयरा रुबेलला दिले जाते. साधारण 1904 च्या सुमारास, कागद चुकून न गेल्यामुळे रबरावर पडलेला ठसा पुढच्या कागदाच्या मागे जास्त ठळक उमटल्याचे त्याने पाहिले. मात्र पत्र्यावर छापण्यासाठी हेच तत्त्व रॉबर्ट बार्कले याने इंग्लंडमध्ये 1875 मध्येच वापरले होते.

रंगीत चित्रासाठी निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार प्लेटा लागतात. रंगाची फिकी-गडद छटा ठिपक्यांच्या आकारातून येते. चारही रंगांच्या ठिपक्यांच्या ओळी वेगवेगळ्या कोनांत मांडतात, नाहीतर चित्रावर नको असलेली जाळीदार नक्षी दिसू लागते. कागदाचे रीळ वापरणाऱ्या ऑफसेट यंत्रांवरच वर्तमानपत्रेही निघतात.

ग्रॅव्ह्युअरमध्ये उंचवट्याच्या उलट प्रकार असतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या सिलिंडरवर सूक्ष्म खळगे कोरतात, त्यांत पातळ शाई भरते आणि वरची शाई पोलादी पाते निपटून काढते. सिलिंडर महाग पडतो, म्हणून बिस्किटांच्या वेष्टनांसारख्या लाखो प्रतींनाच तो परवडतो. नाशिक रोडच्या छापखान्यात मोठ्या किमतीच्या नोटांवरचे गांधीजींचे चित्र खोल कोरीव प्लेटवरून प्रचंड दाबाने छापतात, म्हणूनच ते बोटाला जाणवते. पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी फ्लेक्सो पद्धत आहे. तत्त्व उंचवट्याचेच, फक्त प्लेट लवचीक. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये ताणलेल्या जाळीच्या उघड्या भागातून शाई दाबून खाली उतरवतात. लग्नपत्रिका आणि टी-शर्ट असे छापले जातात.

डिजिटल यंत्राला प्लेटच लागत नाही. विद्युतभाराने चिकटलेली पूड किंवा शाईचे थेंब थेट कागदावर जातात. त्यामुळे आता ऑफसेट संपले, असे वारंवार सांगितले जाते. ते खरे नाही. दोनशे प्रतींना डिजिटल स्वस्त पडते, पण प्रती हजारोंनी वाढल्या की प्लेटांचा खर्च प्रत्येक प्रतीवर नगण्य होतो आणि ऑफसेट पुढे जाते.

कोणती वस्तू कशी छापली, हे भिंगातून ओळखता येते. खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुतलेले असते. ग्रॅव्ह्युअरमध्ये अक्षराची कड बारीक दातेरी दिसते, फ्लेक्सोमध्ये कडेला शाईची गडद रेघ जमते, स्क्रीनवर शाईचा थर जाड लागतो, तर ऑफसेटमध्ये कड स्वच्छ आणि थर सारखा असतो.