झोपेचे यंत्र कपाटात नको, उशाशी हवे

मोट गेली, मोटार आली. बैल कमी झाले, ट्रॅक्टर वाढले. यंत्राशी जमवून घेणे शेतकऱ्याला नवे नाही. सुरुवातीला बिचकत हात लावायचा, मग हळूहळू त्याची खुबी कळते आणि वर्षभरात ते घरचे होऊन जाते. अलीकडे मात्र काही घरांत असे एक यंत्र आले आहे, की ते चार रात्री चालते आणि पाचव्या रात्री कपाटात जाते. झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाला डॉक्टर देतात ते सीपॅप यंत्र.

शिवारात फिरताना पिकाबरोबर तब्येतीच्याही गोष्टी निघतात. ‘साहेब, तोंडाला ती सोंड लावून झोप येती व्हय? लावली की झोप जाती, काढली की येती,’ असे ऐकायला मिळते. ही तक्रार खोटी नाही. नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळीतून येणारा वारा. अशा अवस्थेत पहिल्या रात्री डोळ्याला डोळा न लागणे साहजिक आहे. पण यंत्र काढून लागलेली झोप ही खरी विश्रांती नसते, हेही तितकेच खरे.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

‘कसा घोरतोय, गाढ झोपलाय,’ असे आपण सहज म्हणतो. या आजारात झोप लागली, की घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. 10 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबतो. रक्तातला प्राणवायू कमी होतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठा घोरा घेऊन पुन्हा श्वास घेतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. तासाला असे अडथळे 5 किंवा त्याहून जास्त आले तर आजार धरतात. 30 किंवा त्याहून जास्त आले तर तो तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. ही मोजणी रात्रभराच्या झोप तपासणीत होते.

सीपॅप यंत्र खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने नाकात सोडते. त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. हा प्राणवायूचा सिलिंडर नव्हे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1980 साली ही पद्धत प्रथम वापरली आणि 1981 साली ती प्रसिद्ध केली. त्यापूर्वी आजार फार वाढलेल्या रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करावी लागे. त्या मानाने मुखवटा परवडला म्हणायचा.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला?

कारण धोका शेतातच जास्त आहे. रात्री शंभर वेळा श्वास अडलेला माणूस दिवसा पेंगतो. तो ट्रॅक्टरवर बसतो, कडबाकुट्टीत वैरण घालतो, हंगामात उसाची ट्रॉली कारखान्यावर नेतो. डुलकी क्षणाची असते, पण चाक बांधावरून खाली जायला तेवढा क्षण पुरतो. याशिवाय उपचार न केलेल्या आजाराचा रक्तदाबाशी आणि हृदयविकाराशी जवळचा संबंध आहे. दिवसा पेंग येत असेल, तोपर्यंत ट्रॅक्टर आणि कडबाकुट्टी दुसऱ्याच्या हाती द्यावी, हे पहिले सांगणे.

खोंड शिकवायची रीत

आता मूळ प्रश्न. यंत्र लावून झोप कशी यावी? याचे उत्तर आपल्या गोठ्यातच आहे. नवे खोंड कोणी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी मानेवर नुसते जू ठेवतात, मोकळे चालवतात, मग हलके काम देतात, आणि शेवटी नांगर. यंत्राचेही तसेच करावे. बहुतेकांचे चुकते ते इथेच; रात्री दहाला, दमलेल्या अंगाने, पहिल्यांदाच मुखवटा चढवतात आणि झोपेची वाट बघत बसतात.

पहिली पायरी : दिवसा, जागेपणी, बसून नुसता मुखवटा तोंडाला धरावा. नळी जोडू नये. पाच-दहा मिनिटे पुरेत.

दुसरी पायरी : मुखवटा, नळी आणि यंत्र चालू. पेपर वाचत किंवा टीव्ही बघत पंधरा-वीस मिनिटे बसावे. तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यावा. रोज थोडा वेळ वाढवत तासापर्यंत न्यावा.

तिसरी पायरी : दुपारी पडतो त्या वेळी मुखवटा लावूनच पडावे. झोप लागलीच पाहिजे, असा हट्ट नको.

चौथी पायरी : रात्रभराची झोप.

एका पायरीवर जीव घाबरला, तर मागच्या पायरीवर यावे आणि दोन दिवसांनी पुन्हा पुढे जावे. कोणाचे चार दिवसांत जमते, कोणाला महिना लागतो. या काळात रात्रीही जमेल तितका वेळ यंत्र लावावे; तासभर तर तासभर. वापर पुरेसा आहे का, हे बघताना सर्वसाधारणपणे रात्रीला किमान 4 तास आणि 100 पैकी 70 रात्री, म्हणजे महिन्यात 21 रात्री, हा हिशेब धरतात. तो उंबरठा समजावा. खरा फायदा पूर्ण झोपभर लावण्यात आहे. बऱ्याच यंत्रांत वापराची नोंद आपोआप होते. तपासणीला जाताना ती डॉक्टरांना दाखवावी.

दाब आणि गळती

ज्याने ठिबकचा संच सांभाळला, त्याला हे यंत्र समजायला जड नाही. तिथेही फिल्टर, दाब आणि नळी, इथेही तेच. आणि दोन्हीकडे निम्मा त्रास गळतीचा.

मुखवटा बसवताना यंत्र चालू करून, आडवे पडून पट्टे ओढावेत. बसून बसवलेला मुखवटा आडवे पडल्यावर सरकतो. हवा सुटते म्हणून पट्टे करकचून आवळू नयेत. त्याने नाकावर वळ उठतात आणि गळती उलट वाढते. मुखवटे तीन तऱ्हेचे मिळतात : नाकावर बसणारा, नाकपुड्यांना टेकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. झुपकेदार मिशा असतील तर पहिला नीट बसत नाही, दुसरा बघावा. तोंड उघडे टाकून झोपणाऱ्याला तिसरा सोयीचा पडू शकतो. एक बसला नाही म्हणून यंत्रच टाकू नये, मुखवटा बदलून मागावा. विकत घेतानाच बदलून देण्याचे बोलून घ्यावे. झोपण्यापूर्वी तोंड धुऊन पुसावे. तेलकट चेहऱ्यावर मुखवट्याची मऊ कड सरकते.

वारा एकदम जोराने येतो, ही दुसरी तक्रार. बहुतेक यंत्रांत ‘रॅम्प’ नावाची सोय असते. सुरुवातीला दाब कमी राहतो आणि तो सावकाश चढत जातो, तोवर झोप लागते. मध्येच जाग आली आणि वारा जास्त वाटला, तर रॅम्प पुन्हा लावता येतो. श्वास सोडताना जड जात असेल तर त्यासाठीही अनेक यंत्रांत वेगळी सोय आहे. डॉक्टरांना किंवा तंत्रज्ञाला विचारून ती चालू करून घ्यावी. मूळ दाब मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करू नये. पोटात हवा भरून फुगल्यासारखे होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

नाक-घसा कोरडा पडत असेल तर पाण्याच्या भांड्याची जोड वापरावी. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे क्षारट पाणी नको. पाणी रोज बदलावे. थंडीत नळीत पाणी साचून गुरगुर होते. अशा वेळी नळीवर कापडी खोळ घालावी आणि यंत्र डोक्यापेक्षा खालच्या पातळीवर, स्टुलावर ठेवावे.

तरीही झोप येईना तर

काही जणांना श्वास अडण्याबरोबर निद्रानाशही असतो. मग दोष सगळा यंत्राच्या माथी जातो. अशांनी पुढील गोष्टी कराव्यात.

झोप आल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नये. वीस-एक मिनिटे तळमळ झाली, की मुखवटा काढून सरळ उठावे, मंद उजेडात शांत बसावे, मोबाईल नको. झोप आली की मुखवटा लावून पुन्हा पडावे. घड्याळाकडे बघत पडून राहिले, की अंथरूण आणि मुखवटा दोन्ही डोळ्यांपुढे वैऱ्यासारखे उभे राहतात. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवावी. संध्याकाळनंतर चहा बंद. कर्जाचा हप्ता, बाजारभाव, कोर्टाची तारीख हे विषय अंथरुणावर नेऊ नयेत. जेवणाआधीच वहीत मांडून ठेवावेत.

‘थोडी घेतली की झोप लागते,’ हा समज घातक आहे. दारूने घशाचे स्नायू अधिक सैल पडतात आणि श्वास जास्त वेळा अडतो. झोपेच्या गोळ्याही दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत. आठवड्यात तीन रात्री किंवा जास्त, असे तीन महिने चालले असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गोळीशिवाय, झोपेच्या सवयी बदलून करण्याचा उपचार आहे आणि तो यंत्राबरोबर करता येतो.

जिथे अजून रात्रपाळीची वीज आहे, तिथे पाणी धरायला उठावेच लागते. अशा वेळी परत येऊन ‘आता दोन तासांसाठी कशाला लावायचे’ असे म्हणू नये. जिथे झोप, तिथे मुखवटा. मग ती पहाटेची असो की दुपारची.

वीज गेली तर गुदमरेन का?

ही भीती अनेकांना जागे ठेवते. मुखवट्याला श्वास बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. तिथून येणारी सूं-सूं ही गळती नव्हे. ती छिद्रे चिकटपट्टीने कधीही बुजवू नयेत. नाकाच्या मुखवट्यात तोंड मोकळेच असते. नाक-तोंड झाकणाऱ्या मुखवट्यात हवा बंद पडताच बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. वीज गेली की बहुधा जाग येते. मग मुखवटा काढून ठेवावा. दिवसा घरच्यांसमोर एकदा यंत्र बंद करून हे पाहावे, म्हणजे मनातली भीती जाईल.

सारखी वीज जाते तिथे इन्व्हर्टर किंवा बॅटरीची सोय करावी. कोणती चालेल, हे यंत्राच्या विक्रेत्याला विचारूनच घ्यावे. बॅटरीवर असताना पाणी तापवण्याची सोय बंद ठेवली, की बॅटरी जास्त वेळ पुरते.

खोलीची हवा सांभाळा

यंत्र खोलीतली हवा ओढते, म्हणून खोली महत्त्वाची. कीटकनाशकाचे डबे, धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या, खताची पोती झोपायच्या खोलीत नकोतच; यंत्र असो वा नसो. डासांसाठी धूर करण्याऐवजी मच्छरदाणी लावावी आणि नळी तिच्या कडेखालून आत घ्यावी. मळणीच्या दिवसांत फिल्टर लवकर भरतो. तो वरचेवर पाहून बदलावा. मुखवट्याची कड रोज साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी.

स्वस्तात मिळते म्हणून वापरलेले यंत्र घेताना जपावे. जून 2021 मध्ये एका मोठ्या परदेशी कंपनीला आतला फोम झिजून श्वासात कण जाण्याच्या धोक्यामुळे आपली बरीच यंत्रे परत मागवावी लागली होती. तेव्हा जुने यंत्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाकाला लावू नये.

घरचे आणि गाव

या आजाराची पहिली खबर बहुधा घरधनिणीला असते. घोरणे मध्येच थांबले, की तीच घाबरून उठून बसते. तिने ते डॉक्टरांना सांगावे आणि सरावाच्या महिनाभर सोबत द्यावी. पोराबाळांनी मुखवट्याची चेष्टा करू नये. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि आशाताईंनी रक्तदाब तपासणीच्या दिवशी आणखी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही : झोपेत श्वास थांबतो का? दिवसा पेंग येते का? ऊस वाहतुकीच्या चालकांना तर हंगामाआधीच विचारावेत.

चांगल्या गाईच्या किमतीचे हे यंत्र आहे. गाय दावणीला बसली म्हणून आठवड्यात कोणी विकत नाही. आधी वैद्य बोलावतो. मग यंत्रालाही महिनाभर द्यायला काय हरकत आहे? ज्यांचे कपाटात पडून आहे, त्यांनी आज दुपारी ते काढावे, फिल्टर बघावा, मुखवटा धुवावा आणि दहा मिनिटे नुसता तोंडाला धरून बसावे. रात्रीचे नंतर बघू.