भोगीचे रंग वर्षभर ताटात कसे आणाल? आणि बिटाने खरेच रक्त वाढते का?

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर म्हटले की डोळ्यांसमोर साखर कारखाना आणि चहूकडे पसरलेला ऊस येतो. शिवार हिरवेगार असले, तरी ऊस काही भाजी म्हणून ताटात येत नाही. भाजी बाजारातूनच आणावी लागते. घाईच्या दिवसांत मग चपाती, बटाटा, भात आणि दोन-तीन वेळचा गोड चहा यावरच भागते. पोट भरते, पण शरीराला हवे ते सगळे मिळतेच असे नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४८ टक्के होते.

ताटात किती भाजी हवी?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत. म्हणजे ताटाचा साधारण निम्मा भाग भाजी-फळांचा असावा.

आपल्याकडे हे गणित भोगीला आपोआप जमते. गाजर, वांगी, घेवडा, पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे, तीळ आणि सोबत बाजरीची भाकरी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे जुनी माणसे म्हणतात ते उगीच नाही. अडचण एवढीच, की भोगी वर्षातून एकदाच येते.

कोणत्या रंगात काय?

- हिरवा : मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, शेवग्याचा पाला. यातून फोलेट, लोह आणि कॅल्शियम मिळते.
- केशरी-पिवळा : लाल भोपळा, गाजर, पपई, आंबा. यातील बीटा कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. ते डोळ्यांसाठी गरजेचे.
- लाल : टोमॅटो, कलिंगड. यात लायकोपीन असते. टोमॅटो शिजवल्यावर ते शरीराला जास्त मिळते.
- जांभळा-काळा : जांभूळ, काळी द्राक्षे, वांग्याची साल. यात अँथोसायनिन असते. डाळिंबाच्या दाण्याचा लाल रंगही त्याचाच.
- पांढरा : कांदा, लसूण, मुळा. रंग फिका असला तरी यांना वगळू नका. मुळ्याचा पालाही टाकू नका.

बीट आणि डाळिंबाने रक्त वाढते?

घरोघरी हा समज आहे. मात्र बिटाचा लाल रंग लोहाचा नाही. १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमहून कमी असते, तर तेवढ्याच बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या आसपास. प्रौढ महिलेला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते.

सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने ‘सोलापूर लाल’ हे वाण विकसित केले आहे. त्याच्या १०० ग्रॅम दाण्यांत ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम लोह असते. ‘गणेश’ वाणाच्या तुलनेत हे जवळपास दुप्पट. तरीही एका फळावर दिवसाची गरज भागत नाही. बाजरी, कडधान्ये, तीळ, अळीव आणि पालेभाजी यांची जोड हवीच.

बीट जरूर खा. पण हिमोग्लोबिन कमी असेल तर आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बंद करून बिटाच्या रसावर विसंबू नका.

खाल्लेले अंगी लागण्यासाठी

- पालेभाजी, उसळीवर लिंबू पिळा. ‘क’ जीवनसत्त्वामुळे त्यातील लोह शरीरात चांगले शोषले जाते. पेरू, आवळा हेही चालतील.
- जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा नको. किमान तासाभराचे अंतर ठेवा.
- गाजर, भोपळा, पालेभाजीला थोडे तेल किंवा शेंगदाण्याचे कूट हवे. कॅरोटीन शोषले जाण्यासाठी स्निग्धांश लागतो.
- भाजी आधी धुवा, मग चिरा. शिजवलेले पाणी फेकू नका, आमटीत वापरा.
- रसापेक्षा फळ चावून खा. रस गाळला की चोथा जातो, साखर उरते.

काय टाळाल?

बांधावरची घोळ, तांदुळजा फुकट मिळते. पण उसात तणनाशक मारले असेल, तर तिथली भाजी तोडू नका. रंगीत सरबते, बॉबी, जेली यांचा रंग या हिशेबात धरू नका. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी फळांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

सुरुवात कुठून?

आठवडी बाजारात पिशवी भरताना बटाटे सोडून रंग मोजा. एक पालेभाजी, एक केशरी, एक लाल आणि त्या हंगामातले एक स्वस्त फळ, एवढे चार रंग आले तरी सुरुवात झाली. महागडी परदेशी फळे आणण्याची गरज नाही. पेरूच्या दिवसांत पेरू, जांभळाच्या दिवसांत जांभूळ. आणि वाढताना एक पाहा : पालेभाजी सगळ्यांची जेवणे उरकेपर्यंत संपत असेल, तर शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात ती पोहोचत नाही. तिचा वाटा आधी काढून ठेवा.