दोन खिडक्यांचा कॅमेरा

पुण्याच्या येरवड्यातल्या एखाद्या माळ्यावर सापडलेला यॅशिका इलेक्ट्रो ३५ दुरुस्त करायचा, तर बहुतेक सुटे भाग दुसऱ्या बंद यॅशिकातूनच काढावे लागतात. १९६६ साली आलेल्या या कॅमेऱ्याचं उत्पादन केव्हाच थांबलं. बंडगार्डनचा पूल ओलांडून मंगळवार पेठेतल्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात असा बंद कॅमेरा शोधून पाहावा.

घेण्याआधी कॅमेऱ्याला डोळा लावा. त्यातल्या अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरमध्ये दोन खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा एका अर्धपारदर्शक आरशावर एकत्र येतात. लेन्स फिरवली की त्यातली एक सरकते. दोन्ही तंतोतंत जुळल्या की अंतर बरोबर. मोजणीदाराची त्रिकोणमितीच ही! आरशाचा अतिपातळ मुलामा विरला की दुसरी प्रतिमा फिकी पडते. तो कापडाने अजिबात पुसू नका, उरलासुरलाही निघून जाईल. प्रयोगशाळांत वापरतात ती अर्धपारदर्शक काच मापात कापून बसवता येते, आणि हा उपाय मला सर्वांत समाधानकारक वाटतो.

बॅटरीचं सोपं आहे. मूळची पाऱ्याची ५.६ व्होल्टची होती. दीड व्होल्टचे चार बटण-सेल ६ व्होल्ट देतात, या कॅमेऱ्याला तेवढा फरक चालतो. खरं दुखणं आतल्या इवल्याशा रबरी तुकड्याचं. तो कुजला की शटरची वेळ बिघडते. त्याच जाडीचा नवा रबर चिकटवावा आणि फिल्मचा खटका ओढताना ‘टक्’ असा आवाज येतो का, ते ऐकावं.