बुलेट ट्रेन: ‘ताशी किती?’च्या पलीकडे

बुलेट ट्रेनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: ताशी किती? मुंबई–अहमदाबाद मार्गाची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली, तेव्हापासून ‘३२०’ हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण असा मार्ग आखणाऱ्यांचा बराचसा वेळ वळणे, थांबे आणि स्थानकाच्या जागा ठरवण्यात जातो. नेमके याच बाबतीत काही समज घट्ट रुजले आहेत.

गैरसमज १: जुने रूळ मजबूत केले की त्यांवरून गाडी वेगाने धावेल.

वस्तुस्थिती: रूळ मजबूत करता येतात, वळणे सरळ करणे अवघड. ताशी ३२० किलोमीटरसाठी वळणाची त्रिज्या काही किलोमीटरची लागते. शिवाय रुळांवर गर्दी असते. विरार–डहाणू पट्ट्यात लोकल, मेल आणि मालगाड्या वर्षानुवर्षे एकाच दुहेरी मार्गावरून धावत आल्या आहेत. वंदे भारतची बांधणी ताशी १८० किलोमीटरसाठी झाली, तरी बहुतेक मार्गांवर तिला १३० किंवा त्याहूनही कमी मर्यादा पाळावी लागते, त्यामागे हेही एक कारण आहे. जपानचा जुना तोकाइदो मार्ग १,०६७ मिलिमीटर गेजचा होता आणि गाड्यांनी तुंबला होता. तिथे १९६४ मध्ये १,४३५ मिलिमीटरचा संपूर्ण स्वतंत्र मार्ग सुरू झाला. आपल्याकडे ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे आहे, पण मुंबई–अहमदाबाद मार्गही १,४३५चाच आहे. त्यामुळे ही गाडी जुन्या रुळांवर उतरू शकणार नाही.

गैरसमज २: कमाल वेग वाढला की त्याच प्रमाणात वेळ वाचतो.

वस्तुस्थिती: साधा हिशोब करून पाहा. शंभर किलोमीटरला ताशी १६० च्या वेगाने साडेसदतीस मिनिटे लागतात, ३२० ने पावणेएकोणीस. ही बचत मोठी आहे. पण ३२० वरून ३५० वर गेल्यास मुंबई–अहमदाबादच्या ५०८ किलोमीटरमध्ये, गाडी कुठेही न थांबता धावली तरी, जेमतेम आठ मिनिटे वाचतात. स्थानकाबाहेर रिक्षा मिळेपर्यंत तेवढी सहज जातात. उलट हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ताशी वेगातले शेवटचे ते तीस किलोमीटर विजेच्या बिलात चांगलेच महाग पडतात.

गैरसमज ३: स्थानके जितकी जास्त, तितका लोकांचा फायदा.

वस्तुस्थिती: या मार्गावर १२ स्थानके आहेत. मोजके थांबे घेणाऱ्या गाडीला २ तास ७ मिनिटे लागतील आणि सर्वत्र थांबणारीला २ तास ५८ मिनिटे, असे नियोजन आहे. म्हणजे थांब्यांपायी ५१ मिनिटे जातात. गाडी दोन मिनिटेच थांबत असली, तरी वेग कमी करण्यात आणि पुन्हा वाढवण्यात खरा वेळ जातो. मग लहान गावांना गाडी द्यायचीच नाही का? जपानने यावर तोड काढली आहे. तोकाइदोच्या त्या स्वतंत्र मार्गावर १७ स्थानके आहेत. ‘कोदामा’ गाडी सगळीकडे थांबते आणि स्थानकात बाजूच्या रुळावर उभी राहून मागून येणाऱ्या ‘नोझोमी’ला वाट देते. टोकियो ते शिन-ओसाका अंतराला नोझोमी सुमारे अडीच तास घेते, कोदामा जवळपास चार. अशी सोय आराखड्यातच असावी लागते. ती नंतर घुसवणे फार कठीण.

गैरसमज ४: स्थानक गावाबाहेर स्वस्त जागेत असले तरी चालते.

वस्तुस्थिती: फ्रान्समध्ये ओत-पिकार्दी नावाचे स्थानक दोन शहरांच्या मधोमध, शेतात बांधले गेले. जुन्या रेल्वेशी त्याची जोडणी नव्हती. लोकांनी त्याला ‘बीटांचे स्थानक’ असे नावच पाडले. प्रवाशाचा प्रवास दाराशी सुरू होतो आणि दाराशीच संपतो. रुळांवर वाचवलेला अर्धा तास टॅक्सीत गेला, तर हाती काय उरले? वांद्रे–कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून, हा खटाटोप गाडी मुंबईच्या आत आणण्यासाठीच आहे. साबरमतीलाही रेल्वे, मेट्रो आणि बीआरटी बस एकाच ठिकाणी जोडण्याची योजना आहे.

गैरसमज ५: बुलेट ट्रेन आली की बाकीच्या गाड्यांची गरज कमी होईल.

वस्तुस्थिती: प्रत्येक अंतराची गाडी वेगळी. दिल्ली–मेरठ या ८२ किलोमीटरसाठी ताशी १६० ने धावणारी ‘नमो भारत’ पुरेशी आहे, कारण तिथे थांबे जवळजवळ आहेत आणि ३२० गाठेपर्यंत पुढचे स्थानक येईल. रोज नोकरीला जाणाऱ्याला लोकलच लागते. शिवाय अतिवेगवान गाडी आपल्या पोटापुरते प्रवासी या लहान गाड्यांकडूनच मिळवते.

म्हणून मुंबई–अहमदाबाद मार्गावरच्या बोईसर स्थानकात गाडी किती वेगाने येणार, हे विचारतानाच आणखी एक प्रश्न विचारायला हवा: उतरल्यावर जव्हारला जायला एसटी मिळणार का? त्याचेही उत्तर आराखड्यातच सापडले पाहिजे.