मनोरुग्ण पाल्याचे पालक : चिकित्सेचा उपेक्षित पाद

आचार्य चरकांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण. परिचारकाच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे गुण अपेक्षिले आहेत. मनोरुग्ण मुलाच्या बाबतीत परिचारक म्हणजे बहुधा आईवडीलच. अनुराग त्यांच्या ठायी असतोच. ज्ञान मात्र कोणी तरी द्यावे लागते आणि दक्षता टिकण्यास विश्रांती लागते.

छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) बहुधा किशोरवयाच्या अखेरीस वा विशीत प्रकट होते. मुलगा अभ्यास सोडतो, खोलीत कोंडून घेतो. पालक प्रथम यास आळस समजतात. निदानानंतर ‘आमचेच संस्कार कमी पडले’ म्हणून स्वतःस दोष देतात, नातलगांपासून आजार लपवितात व रात्री जागून काढतात. अशा थकव्यातून चिडचिड व टोचून बोलणे येते. लंडन येथील ब्राउन, बर्ली व विंग यांच्या १९७२ मधील अभ्यासात, ज्या घरांत टीका व अतिरेकी गुंतवणूक अधिक, तेथे परतलेल्या रुग्णांत विकार उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. पालक रोगाचे कारण आहेत, असा याचा अर्थ नव्हे. त्यांचा थकवा हाही चिकित्सेचा विषय आहे, एवढाच बोध घ्यावा.

व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. पालकांशी स्वतंत्रपणे बोलावे. त्यांची झोप, आहार व रक्तदाब यांची विचारपूस करावी. रात्रीची जबाबदारी आलटून पालटून घेण्यास सुचवावे.

२. रुग्णाच्या भ्रमाशी वाद घालू नये व त्यास दुजोराही देऊ नये. ‘तुला भीती वाटते हे मला कळते’ एवढे म्हणावे, असे शिकवावे.

३. मनोविकारतज्ज्ञांची औषधे परस्पर बंद करवू नयेत. लिथियम घेणाऱ्या रुग्णास वमन, विरेचन, लंघन वा मीठ वर्ज्य करणे धोक्याचे आहे. शरीरातील पाणी व क्षार घटल्यास लिथियम रक्तात साचून विषबाधा होऊ शकते.

४. औषधी विक्रेत्यांनी ‘झोपेसाठी’ म्हणून सर्पगंधाघन वटी वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नये. तीतील रिसर्पिनमुळे विषण्णता बळावू शकते.

५. रुग्ण मरणाची भाषा बोलू लागल्यास त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे व घरातील औषधे कुलपात ठेवण्यास सांगावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक दवाखान्यात व दुकानात लावावा.

समदुःखी पालकांची भेट हेही मोठे बल होय. पुण्यात १९९७ मध्ये स्थापन झालेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णास ‘शुभार्थी’ व काळजीवाहकास ‘शुभंकर’ म्हणण्याचा प्रघात पाडला. या एका शब्दाने पालक आरोपीच्या पिंजऱ्यातून उतरून चिकित्सेत सहभागी होतो.

सत्त्वावजय चिकित्सेचा विचार आपण रुग्णापुरता करतो. ज्याच्या हातून ती घरी रोज घडावयाची, त्याचे सत्त्व सांभाळणे हेही वैद्याचेच कर्तव्य होय. म्हणून रुग्णाची नाडी पाहून झाल्यावर सोबत आलेल्या मातेसही विचारावे : ‘आपण स्वतः किती झोपता?’