क्वालिस, इनोव्हा आणि मालकांची हळहळ

गाडी जुनी झाली, कुरकुरू लागली आणि शेवटी भंगारात निघाली, तर मालकाला त्याचे फारसे दुःख होत नाही. पण रस्त्यावर उत्तम धावणारी आणि शोरूममध्येही खपणारी गाडी कंपनीनेच बंद केली, तर तो हळहळतो, चिडतो आणि तिच्या जागी आलेल्या नव्या गाडीकडे बराच काळ संशयाने पाहतो. वाहन उद्योगात हे वारंवार घडते. ‘मारुती ८००’, ‘झेन’, ‘ओम्नी’, ‘जिप्सी’ या गाड्यांना निरोप देताना भारतीय ग्राहकांनी हा अनुभव घेतला आहे. मात्र या प्रतिक्रियेचा उलगडा करून घ्यायचा असेल, तर ‘टोयोटा क्वालिस’ आणि तिच्या वारसदारांइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. २००५, २०१६ आणि २०२२ अशा तीन वेळा या घराण्यात खांदेपालट झाला, आणि तिन्ही वेळा नाराजीचा सूर उमटला. ही नाराजी म्हणजे केवळ जुन्याचा मोह होता की तिच्यामागे काही ठोस कारण होते?

भेकराची वंशावळ

टोयोटा आणि किर्लोस्कर समूह यांची भागीदारी १९९७ मध्ये झाली. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीपासून देशभर पसरलेल्या उद्योगघराण्यामुळे मराठी वाचकाला या भागीदारीतील अर्धे नाव तरी घरचेच होते. बंगळुरूजवळच्या बिडदी येथील कारखान्यातून २००० साली पहिली गाडी बाजारात आली, ती क्वालिस. तिचे मूळ इंडोनेशियातील ‘किजांग’ या गाडीत होते. तिकडच्या भाषेत किजांग म्हणजे भेकर. १९७७ पासून इंडोनेशियात हे भेकर कुटुंबकबिला आणि मालसामान वाहून नेत होते. भारतात आलेली क्वालिस ही त्याच्या जुन्या पिढीवर बेतलेली होती, त्यामुळे नवी असतानाच ती जुनाट दिसे. उभट, चौकोनी, डब्यासारखा आकार पाहून अनेक समीक्षकांनी नाके मुरडली.

ग्राहकांनी मात्र तिला डोक्यावर घेतले. २४४६ सीसीचे, जेमतेम ७५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन. त्याला टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नाही. इंधनाचा पंप यांत्रिक. मागच्या चाकांना पाट्यांचे स्प्रिंग. कागदावर यातले काहीच आकर्षक नव्हते. पण हे इंजिन सहसा बिघडत नसे आणि बिघडलेच, तर तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही ते उघडून दुरुस्त करू शकत असे. दहा माणसे बसतील अशी आसनव्यवस्था, छतावर सामानाचे कॅरिअर, शिवाय ‘टाटा सुमो’च्या तुलनेत शांत आणि कमी हादरणारा प्रवास. पुणे, मुंबई आणि बंगळुरूत कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांची रात्रीअपरात्री ने-आण करणाऱ्यांना, शिर्डी-पंढरपूरच्या सहली नेणाऱ्या टुरिस्ट व्यावसायिकांना आणि एकत्र कुटुंबांना ती सारखीच सोयीची वाटली. पाच वर्षांत सुमारे १ लाख ४० हजार क्वालिस विकल्या गेल्या.

२००५ चा धक्का

विक्री अशी चांगली चाललेली असताना २००५ च्या आरंभी कंपनीने क्वालिस बंद केली आणि फेब्रुवारीत तिच्या जागी इनोव्हा आणली. चालत्या दुकानाला कुलूप लावण्यासारखाच हा प्रकार अनेकांना वाटला. इनोव्हाचा वंश तोच, किजांगचाच. पण टोयोटाने जगभरच्या विकसनशील बाजारपेठांसाठी आखलेल्या नव्या सामाईक चेसिसवर ती उभी होती. ‘हायलक्स’ आणि ‘फॉर्च्युनर’ याही तिच्याच बहिणी. २४९४ सीसीच्या टर्बो इंजिनाची ताकद १०२ अश्वशक्ती होती, पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आले होते आणि मागच्या प्रवाशांसाठी छतातून वातानुकूलित हवा येत होती.

गाडी सर्वार्थाने सरस होती. तरीही क्वालिसचे मालक नाखूश झाले. त्यांच्या आक्षेपांची सरळ वर्गवारी करता येते. पहिला आक्षेप दिसण्याचा आणि स्वभावाचा : ही गाडी मोटारीसारखी नाजूक वाटते, राबणाऱ्या वाहनासारखी नाही. दुसरा दुरुस्तीचा : नव्या ‘कॉमन रेल’ इंजिनात डिझेल अतिशय उच्च दाबाने, संगणकाच्या हुकमानुसार फवारले जाते. त्याचे इंजेक्टर महाग, आणि भेसळीच्या डिझेलपुढे नाजूक. रस्त्याकडेच्या मिस्त्रीला त्यात हात घालता येत नव्हता. तिसरा आक्षेप पैशांचा : किंमत वाढली आणि आसने घटली. सात किंवा आठ प्रवाशांच्या गाडीत, दहा जणांच्या भाड्यावर मांडलेले गणित बसत नव्हते.

जवळ असलेल्याचे मोल

यापैकी किती आक्षेप वस्तुस्थितीचे होते आणि किती मनाचे? अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या सीमेवर काम करणाऱ्या संशोधकांनी या प्रश्नाचा बराच मागोवा घेतला आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले, की माणसाला लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख अधिक होते. पुढे काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग गाजले. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग देण्यात आले आणि ते कितीला विकाल, असे विचारले; मग न मिळालेल्यांना ते कितीला घ्याल, असे विचारले. विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. वस्तू काही मिनिटांपूर्वी हातात आली एवढ्यानेच तिचे मोल वाढले होते.

मग तर एक साधा मग; गाडीचे तसे नसते. पाच-सात वर्षे वापरलेल्या गाडीचा क्लच कुठे पकडतो, घाटात कोणत्या गिअरला ती दमते, टाकी राखीव साठ्यावर आल्यानंतर किती किलोमीटर जाते, हे मालकाच्या अंगवळणी पडलेले असते. हे ज्ञान कोणत्याही माहितीपत्रकात नसते आणि नव्या गाडीबरोबर ते शून्यावर येते. मालक नव्या गाडीच्या लाभांची तुलना जुनीच्या लाभांशी करत नाही. जे हातचे जाणार त्याच्याशी करतो. म्हणून नव्या गाडीतील वीस सुधारणा त्याच्या लेखी थोड्या ठरतात आणि गेलेली दोन आसने मोठी ठरतात.

उपयुक्ततेसाठी घेतलेल्या गाडीबाबत हे आणखी तीव्रतेने घडते. शोभेची गाडी घेणाऱ्याला दर काही वर्षांनी नवा चेहरा हवाच असतो. कामाची गाडी घेणाऱ्याला बदल नकोच असतो, कारण तिच्यातील बदल न होणे हाच त्याच्या दृष्टीने मोठा गुण असतो. खर्च ठरलेला, दुरुस्ती ठरलेली, पुनर्विक्रीचा भावही साधारण ठरलेला. टुरिस्ट गाडीवर कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या चालक-मालकासाठी हे ठरलेपण म्हणजे घरखर्चाचा आधार असतो.

चक्र पुन्हा फिरले

२००५ मधील नाराजी फार काळ टिकली नाही. कॉमन रेल इंजिनांची दुरुस्ती शहराशहरांतील गॅरेजांनी शिकून घेतली, इनोव्हा लाखो किलोमीटर विनातक्रार धावते हे दिसून आले, आणि ज्या गाडीला नाजूक म्हटले गेले तीच दणकटपणाचे मानदंड ठरली. मग मे २०१६ मध्ये ‘इनोव्हा क्रिस्टा’ आली, तेव्हा हळहळण्याची पाळी इनोव्हाच्या मालकांची होती. नवे २.४ लिटरचे इंजिन सुमारे १५० अश्वशक्तीचे होते, आतली सजावट आलिशान होती. पण मुंबईत तिची किंमत शोरूममध्येच पावणेचौदा लाख रुपयांच्या पुढे सुरू होत होती. ‘आम्हाला दिवाणखाना नको, गाडी हवी,’ असा या वेळच्या तक्रारीचा आशय होता.

तिसरा बदल सर्वांत मोठा होता. २५ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘इनोव्हा हायक्रॉस’चे अनावरण झाले. (किर्लोस्कर घराण्यातील आणि या कंपनीचे उपाध्यक्ष विक्रम किर्लोस्कर यांचे त्यानंतर चारच दिवसांनी निधन झाले.) हायक्रॉसमध्ये शिडीसारखी वेगळी चेसिस नव्हती, इंजिनाची ताकद मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकांना मिळत होती, आणि डिझेल इंजिन तर मुळीच नव्हते. पेट्रोल आणि पेट्रोल-हायब्रिड असे दोनच पर्याय. हायब्रिडचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २३.२४ किलोमीटर, म्हणजे एवढ्या मोठ्या गाडीसाठी थक्क करणारे. घरगुती ग्राहकांनी तिचे स्वागत केले. हायब्रिडसाठी अनेक महिने रांग लागली. मात्र भरल्या गाडीने रोज घाट चढणाऱ्या व्यावसायिकांना मागच्या चाकांचा जोर आणि डिझेल इंजिनच हवे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने डिझेल क्रिस्टाची नोंदणी थांबवली होती. जानेवारी २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू करण्यात आली, आणि तीही केवळ २.४ लिटर डिझेल व हाताच्या गिअरसह. २००५ मध्ये क्वालिसच्या मालकांना जे मिळाले नव्हते, ते या वेळी मिळाले : जुनी आणि नवी यांतून निवडण्याची मुभा.

कंपन्या असे का करतात?

खपणारी गाडी बंद करणे हा बाहेरून वेडेपणा वाटला, तरी त्यामागे सहसा तीन कारणे असतात. पहिले कारण कायद्याचे. एप्रिल २००५ पासून मुंबई-पुण्यासह अकरा मोठ्या शहरांत भारत स्टेज-३ हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले. एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ आले. निकष कडक होतात तसे जुन्या धाटणीचे इंजिन सुधारत नेणे खर्चिक होते. ‘मारुती ८००’ अशीच मागे पडली. २०१० मध्ये मोठ्या शहरांत स्टेज-४ लागू झाल्यावर तेथील तिची विक्री थांबली आणि २०१४ च्या जानेवारीत उत्पादनही संपले. अपघातातील सुरक्षेचे निकष २०१९ मध्ये जुन्या मॉडेलांनाही लागू झाले, तेव्हा ओम्नी आणि जिप्सीचा शेवट झाला. चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्र्याखेरीज फारसे काही नसलेल्या ओम्नीची सोय अनेकांना आजही आठवते. तो पत्रा किती पातळ होता, हे सहसा आठवत नाही.

दुसरे कारण कारखान्याचे. एकाच चेसिसवर चार गाड्या बांधल्या, की सुटे भाग, साचे आणि संशोधनाचा खर्च वाटला जातो. त्या कुटुंबाबाहेरची एकटी जुनी गाडी, खपत असली तरी, महाग पडू लागते. तिसरे कारण नफ्याचे. ग्राहकाचा विश्वास एकदा कमावला, की त्याच नावाने अधिक महाग गाडी विकता येते. मात्र नावाच्या पुण्याईलाही मर्यादा असते. १९९३ पासून लाडक्या ठरलेल्या ‘झेन’चे नाव मारुतीने डिसेंबर २००६ मध्ये ‘झेन एस्टिलो’ या गाडीला दिले. बुटकी, चपळ झेन आणि वॅगन-आरच्या पायावर उभी असलेली उंच एस्टिलो यांच्यात नावापलीकडे नाते नव्हते. झेनच्या चाहत्यांनी ते नाते मानलेच नाही, आणि २००९ मधील आवृत्तीत नावातून ‘झेन’ हा शब्द गळाला.

खरी तक्रार कोणती?

तिन्ही बदल एकत्र पाहिले, की तक्रारींचे तीन थर वेगळे दिसू लागतात. दिसण्याबद्दलची आणि सवयीची तक्रार वर्षा-दोन वर्षांत विरते. दुरुस्तीबद्दलची तक्रार अधिक खरी असते. पण गॅरेजांना नवे तंत्र आले आणि सुटे भाग बाजारात मिळू लागले, की तीही ओसरते. तिसरी तक्रार मात्र विरत नाही. ती म्हणजे, ज्यांच्यासाठी ही गाडी बनली होती त्यांनाच ती आता परवडत नाही. क्वालिसकडून क्रिस्टाकडे आणि क्रिस्टाकडून अठरा लाखांच्या पुढे सुरू झालेल्या हायक्रॉसकडे जाताना प्रत्येक पायरीवर काही मालक खालीच राहिले. त्यांतील अनेकांनी २०१२ मध्ये आलेल्या, आकाराने लहान पण खिशाला परवडणाऱ्या ‘मारुती एर्टिगा’ची वाट धरली, काहींनी ‘बोलेरो’ जवळ केली, काहींनी जुनी इनोव्हाच इंजिन उतरवून नव्याने बांधून घेतली. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात जुन्या इनोव्हाला मिळत राहिलेला भाव हा या थराचा सर्वांत प्रामाणिक पुरावा म्हणता येईल. हळहळीला पैसे पडत नाहीत. जुनी गाडी चढ्या भावाने घेणारा मात्र आपले मत पदरमोड करून नोंदवत असतो.

लाडकी गाडी बंद होणार अशी कुणकुण लागली, की शेवटच्या तुकडीतील गाडी घाईने घ्यावी की नव्या गाडीसाठी थांबावे, हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहतो. त्याचे उत्तर वापरावर ठरते. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाला नव्या गाडीची सुरक्षा आणि आराम यांचा लाभ अधिक असतो. सवय आपोआप बदलते. रोजच्या भाड्यावर पोट असलेल्याने आधी सुटे भाग किती वर्षे मिळतील, आपल्या परवान्यातील वयोमर्यादा किती आणि गावातला मिस्त्री काय म्हणतो, हे विचारावे. नव्या मॉडेलची पहिली काही महिन्यांची गाडी घेण्याची घाई त्याने तर करूच नये. इनोव्हाचा दणकटपणाही लोकांच्या ध्यानात यायला दोन-तीन पावसाळे जावे लागले होते.