जुन्या बसचा जीर्णोद्धार : पॅरिसची टीएन बस

शिक्षक मित्रांनो, 'वाहतुकीची साधने' हा पाठ आपण सगळेच शिकवतो. चित्रं चिकटवली, नावं लिहिली, की पाठ संपला. या वेळी एकाच बसपाशी थोडं थांबूया.

आधी शब्द बघा. 'बस' ही नुसती शेपटी आहे. मूळ लॅटिन शब्द 'ओम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी'. फ्रान्समधल्या नांत शहरात १८२६ साली स्तानिस्लास बोद्री यांनी घोड्यांची सार्वजनिक गाडी सुरू केली, तिला हे नाव पडलं. दोनच वर्षांत ओम्निबस पॅरिसमध्ये आली.

आता थेट १९३० च्या दशकात येऊ. पॅरिसने ट्राम बंद करायला घेतल्या होत्या, त्यांच्या जागी बस हव्या होत्या. रेनो कंपनीने त्यासाठी बांधलेल्या हिरव्या-पिवळसर टीएन गाड्या पुढे पॅरिसची ओळखच झाल्या. पुढे इंजिन, त्यामागे चालक, मध्ये बाकं आणि सगळ्यात मागे उघडा सज्जा. चढउतार तिथूनच. माणसं तिथे उभी राहून सिगारेट ओढत, गप्पा मारत, बस हळू झाली की टुणकन उतरत. (पालकांनो, हे मुलांना सांगताना जरा जपून!) कंडक्टर साखळी ओढून चालकाला इशारा द्यायचा. आपल्या 'डबल बेल'चीच ही बहीण.

मला स्वतःला आवडते ती थांब्यावरची व्यवस्था. खांबावरच्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि कंडक्टर त्या क्रमाने आत घ्यायचा. युद्धात जायबंदी झालेल्यांना मात्र आधी जागा. नागरिकशास्त्राचा अख्खा पाठ त्या खांबावर टांगलेला होता म्हणा ना!

या बस १९७१ पर्यंत धावल्या. पुढे दाराच्या, कंडक्टर नसलेल्या गाड्या आल्या आणि जुन्या भंगारात गेल्या. थोड्या वाचल्या त्या हौशी माणसांमुळे. पॅरिसजवळच्या शेल गावात शहरी वाहतुकीचं संग्रहालय आहे. ते चालवणारी संस्था १९५७ पासून जुन्या ट्राम आणि बस सांभाळते आहे.

पण बस 'सांभाळायची' म्हणजे काय करायचं? त्या काळच्या बऱ्याच बसची बॉडी म्हणजे लाकडी सांगाडा आणि वरून पत्रा. पाणी आत मुरतं, लाकूड आतून कुजतं, बाहेरून मात्र सगळं ठीक दिसतं. म्हणून आधी पत्रा उकलायचा. कुजलेला तुकडा फेकायचा नाही बरं का, तोच नव्याचा नमुना. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, ते दुसऱ्या मेलेल्या गाडीतून काढायचे, नाहीतर घडवून घ्यायचे. रंगही हलक्या हाताने थर-थर घासून बघावा लागतो, खालचा जुना रंग सापडेपर्यंत.

आणि इथेच अवघड प्रश्न येतो : बस कोणत्या सालची करायची? युद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा पॅरिसच्या बस गॅसवर चालवल्या गेल्या. युद्धानंतर काही टीएन गाड्यांना डिझेल इंजिनं बसली. बाजूला नाव कुठलं लिहायचं? १९४९ पासूनच्या 'आरएटीपी'चं, की त्याआधीच्या कंपनीचं? आरएटीपी लिहिलं की प्रेमी जोडपी, सिनेमा, सज्ज्यावरचा वारा आठवतो. आधीच्या कंपनीचं नाव लिहिलं की १९४२ सुद्धा येतं.

१६ आणि १७ जुलै १९४२ रोजी फ्रेंच पोलिसांनी पॅरिस आणि परिसरातल्या सुमारे तेरा हजार ज्यू लोकांना पकडलं. त्यांत चार हजारांहून जास्त मुलं होती. लोकांना 'वेलोद्रोम दिव्हेर' या सायकल शर्यतींच्या बंदिस्त स्टेडियममध्ये आणि द्रांसीच्या छावणीत नेलं, ते याच शहर-बसमधून. स्टेडियमबाहेर ओळीने उभ्या असलेल्या बसचा फोटो उपलब्ध आहे. तिथून पुढे बहुतेकांचा प्रवास ऑशविट्झला संपला. फ्रान्सच्या सरकारची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी उघडपणे मान्य केली ती १९९५ साली.

माझ्या मते जीर्णोद्धार केलेल्या टीएन बसशेजारी हे लिहिलेलं असायलाच हवं. चकचकीत रंगाइतकंच तेही त्या गाडीचं अस्सल अंग आहे. लहान वर्गात सज्जा, साखळी आणि चिठ्ठ्या पुरेत. आठवी-नववीत मात्र फोटो दाखवा आणि एवढंच विचारा : 'सर्वांसाठी' असलेल्या गाडीत त्या दिवशी कोण बसलं होतं? स्वतःच्या इच्छेने बसलं होतं का? मुलं लगेच उत्तर देणार नाहीत. देऊ नयेच.

आणखी एक सांगा. १९४५ च्या वसंतात छळछावण्यांतून जिवंत परतलेली माणसं पॅरिसच्या स्टेशनांवर उतरू लागली. अनेकांना तिथून ल्यूतेशिया हॉटेलातल्या स्वागत केंद्रात नेलं जाई. त्यांना न्यायलाही याच उघड्या सज्ज्याच्या बस उभ्या होत्या.